पोस्टर सराव : आधी गडद-फिकट, मग रंग

सध्या रंग पूर्ण बाजूला ठेवलेत. प्रत्येक पोस्टरचा कच्चा आराखडा काळा, पांढरा आणि मधला एक करडा एवढ्यातच करतेय. डोळे किलकिले करून पाहायचं. मुख्य आकार तरीही चटकन उठून दिसला, तरच पुढे जायचं.

या टप्प्यात सगळ्यात जास्त शिकवलं ते उजळपणाने. पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा मिळून पांढरा होतो, पण उजळपणात त्यांचा वाटा सारखा नाही: हिरव्याचा सुमारे ७२ टक्के, लालचा २१, निळ्याचा जेमतेम ७. म्हणून लाल-हिरव्यातून झालेला पिवळा पांढऱ्यावर विरून जातो आणि निळा ठसठशीत वाचता येतो. लालची गंमत वेगळीच. लक्ष वेधायला आपण हमखास तोच घेतो, पण पांढऱ्यावर शुद्ध लालचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर, ४:१ च्या आसपास. वेबच्या सुगम्यता निकषांत (कमी दिसणाऱ्यांनाही वाचता यावं म्हणून ठरवलेल्या) साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१ पुरतो. त्यामुळे ताज्या पोस्टरवर मथळा लाल आणि खालचा मजकूर जवळजवळ काळा ठेवलाय.

शेजारचा रंगही सगळं बदलतो. तोच करडा पट्टा काळ्यावर उजळ वाटतो, पांढऱ्यावर मळकट. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ मध्येच हे सविस्तर मांडलं होतं. ते गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचं काम बघायचे. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांत आहे हे त्यांनी ओळखलं. मला हा शोध फार आवडतो. तेव्हापासून रंग सुट्या पॅलेटवर निवडत नाही, थेट जागेवर ठेवूनच ठरवते.

रेषांबाबत एकच सांगते. देवनागरीत शिरोरेषा ही मुळातच जोरकस आडवी रेषा आहे. मथळ्याखाली आणखी एक जाड रेघ मारली की दोघींची झटापट होते, म्हणून रेघ काढून तिथे मोकळी जागा सोडली. ओळींतलं अंतरही फॉन्टच्या दीडपटीहून थोडं जास्त घेतलं. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार आता एकमेकांना भिडत नाहीत.

पुढे पोत. खरखरीत कागदाचा पोत मजकुरामागे घ्यायचाय, पण त्यातले गडद-फिकट ठिपके अक्षरांच्या कडा खातात. आधी पोताचाच कॉन्ट्रास्ट उतरवून बघणार आहे.