मॉरिशसच्या कोरड्या किनाऱ्यावर

नवापूरकडे भात पिकतो आणि आमच्या शिंदखेड्यात पावसाळाभर आकाशाकडे पाहत बसावे लागते, हा फरक सह्याद्रीमुळे पडतो, हे शाळेतच शिकलो होतो. परंतु पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआड कमी पाऊस पडणारा प्रदेश मुद्दाम पैसे मोजून पाहायला जावा, असा विचार मात्र मॉरिशसचे नियोजन करेपर्यंत कधी मनात आला नव्हता.

ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा असतो. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर चढतात, थंड होतात आणि पूर्व उतारावर व क्युरपिपसारख्या उंचावरच्या गावांत पाऊस पाडतात. आम्ही क्युरपिपमध्ये छत्री उघडली आणि तासाभरात पश्चिमेच्या फ्लिक आँ फ्लाकला पोहोचलो, तर आकाश निरभ्र होते. सुरूच्या झाडांखाली लोक डबे उघडून बसले होते. पोवळ्यांच्या भिंतीमुळे मोठ्या लाटा बाहेरच अडतात. आतले पाणी इतके उथळ आणि शांत, की पोहता न येणारी आमची मंडळीही गुडघाभर पाण्यात निवांत उभी राहिली. पायात जोडे मात्र हवेतच, कारण तळाशी सागरी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्यांचे काटे असतात.

फ्लिक आँ फ्लाकच्या दक्षिणेला तामारँ येथे नदी समुद्राला मिळते. गोड्या पाण्यात पोवळे वाढत नाही, त्यामुळे तिथे भिंतीला खिंड पडली आहे आणि लाटा थेट किनाऱ्यावर येतात. याच गावात काळ्या दगडाची चौकोनी मिठागरे आहेत. पाऊस कमी आणि ऊन भरपूर असल्याखेरीज मीठ पिकत नाही. आमच्याकडे कापूस वाळवणारे ऊन तिथे मीठ करत होते. त्या दगडाने मी अधिकच थबकलो. तो बेसाल्ट होता, आमच्या विहिरींच्या बांधणीतला. दख्खनच्या पठारावर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ओतणारा भूगर्भातील उष्ण स्रोत आणि पुढे कोट्यवधी वर्षांनी मॉरिशस घडवणारा स्रोत एकच, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.

येथवर माझे शहाणपण ठीक होते. परंतु धुळ्या-जळगावच्या 44 अंशांत वाढलेल्या माणसाला पंचवीस अंशांचे काय, अशा गुर्मीत मी टोपीविना बेटाच्या नैऋत्य टोकावरील ल मॉर्नच्या वाळूत दुपारभर बसलो. वारा गार होता, त्यामुळे ऊन जाणवले नाही. रात्री खांदे भाजल्यासारखे लाल झाले आणि सौभाग्यवतींनी दह्याचा लेप लावताना एक शब्दही बोलला नाही, हे अधिक लागले. समोरचा 556 मीटरचा कडा मात्र विसरता येणार नाही. पळालेल्या गुलामांनी त्याचा आसरा घेतला होता आणि 2008 मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला.

विमानतळ आग्नेयेला, म्हणजे ओल्या बाजूला आहे. निघताना आमच्या गाडीच्या काचेवर पुन्हा पाऊस वाजू लागला. त्याच वेळी गावाहून वडिलांचा फोन आला आणि नेहमीप्रमाणे त्यांचा पहिला प्रश्न पावसाचाच होता.