तुम्ही विचारलंत म्हणून: "मॅडम, शाळेत कशा काय?"

"मॅडम, तुम्ही कयाकिंगच्या नॅशनल चॅम्पियन ना, मग शाळेत कशा काय?" कयाकिंग म्हणजे अरुंद बोटीत बसून दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने, पॅडलने, मारायची शर्यत. हा प्रश्न पालकसभेत, लग्नात, एकदा तर डेंटिस्टने विचारलाय, माझं तोंड उघडं असताना. आणि मी काही बोलायच्या आत समोरचाच उत्तर देऊन टाकतो, सिस्टिमने संपवलं असेल ना? मी मान हलवते. दहा वर्षं हलवतेय, आता कंटाळा आला.

सिस्टिमचं रडगाणं खोटं नाहीये हं. वर्सोव्याच्या खाडीत सरावाला पाणी मिळायचं भरतीपुरतं, ओहोटीला नुसता चिखल. बोट उधारीची, बारा किलोची, बूड जेमतेम मावेल एवढी रुंद, शेजारून एखादी मच्छीमार बोट गेली की मी पाण्यात. बाबांचा जन्म गेला समुद्रावर, ते हसून बेजार व्हायचे. आणि देशाचं बघा, १९९४च्या हिरोशिमानंतर एशियन गेम्समध्ये आपल्याला या खेळाचं पुढचं मेडल थेट २०२३ला हांगझोऊमध्ये, अर्जुन सिंग आणि सुनील सिंगचं, तेही कनूमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून एकाच बाजूने वल्हवतात त्या बोटीत, कयाकमध्ये नाहीच. तर तक्रारीला जागा भरपूर आहे. पण मला कुणी संपवलं नाही.

मी सगळ्यांना सांगत आलेय की भोपाळला टीम निवडायच्या ट्रायलला पॅडलमध्ये जलपर्णी अडकली. नव्हती अडकली. लेन साफ होती.

पाचशे मीटर म्हणजे दोनेक मिनिटांचा खेळ. साडेतीनशेला मी दुसरी होते आणि टीममध्ये दोघी घेणार होते. शेजारच्या लेनमधली मुलगी इतकी जवळ की तिचा श्वास ऐकू येत होता, श्वास कसला, कण्हत होती ती. माझे हात दगड झालेले, पण ते प्रत्येक रेसमध्ये होतात, ते कारण नाही. मनात आलं, हिला एवढं हवंय? बस, एवढंच. आणि त्याच स्ट्रोकला पायातला जोर गेला. कयाकमध्ये सगळं पायातून येतं, फुटरेस्ट दाबला नाही तर हात नुसते पाणी ढवळतात. मी ढवळत ढवळत चौथी आले. कोच धावत आले, काय झालं? म्हटलं, जलपर्णी. इतक्या पटकन कसं सुचलं देव जाणे. रडायला हवं होतं ना, तर चक्क बरं वाटत होतं, सुटल्यासारखं. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. थकले होते गं, इतकी वर्षं पहाटे चारला उठत होते. बरं, पण थकलेल्या तर बाकीच्या लेनमध्येही होत्याच की! कधी वाटतं भ्याले, हरायला नाही, जिंकले तर आणखी चार वर्षं हेच, याला. कधी तेही पटत नाही.

शाळा मात्र कुणी लादली नाही. खेळाडू कोट्यातूनही लागले नाही, डी.एड. केलं, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा दिली. आणि मुलं घडवते वगैरे प्लीज म्हणू नका, सहावीचे बावन्न जण आहेत, अर्धा वेळ हजेरी आणि खिचडीच्या हिशेबात जातो. आवडतं पण. भरती-ओहोटीचा धडा आला की मी पुस्तक मिटूनच शिकवते.

परवा बाबा म्हणाले, अष्टमीला सकाळी सहाला भरती आहे, भांगाची, म्हणजे छोटी, पाणी हलणार पण नाही, बोट मागू का कुणाकडून? समोर वह्यांचा गठ्ठा होता. म्हटलं, शाळा आहे.

"अष्टमी रविवारी आहे," म्हणाले.