शुक्रवारची संध्याकाळ

दारू सोडून सात महिने झाले. शुक्रवार सगळ्यांत अवघड. ठाणे स्टेशनला उतरलो की पाय जुन्या बारकडे वळतात. मग सदऱ्याखालच्या त्सित्सितचे, म्हणजे आम्हा ज्यूंच्या धार्मिक वस्त्राच्या झालरीचे, दोरे बोटांत घट्ट धरतो. प्रत्येक कोपऱ्याला आठ दोरे, पाच गाठी. आमच्या धर्मग्रंथातलं गणना १५:३९ म्हणतं, ते पाहून आज्ञा आठवा, मनाच्या नि डोळ्यांच्या मागे भरकटू नका. डोळ्यांचं नाव मुद्दाम घेतलंय, असं मला वाटतं. माझा तोल बाटली दिसली की जायचा. तसाच टेंभी नाक्याकडे, १८७९ च्या आमच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये पोचतो. शमा ही प्रार्थना म्हणताना डोळे हातानं झाकतो.

घरी आई शब्बाथचे, आमच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावून थांबलेली असते. किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, आम्हा बेने इस्रायली ज्यूंचं मनुकांचं सरबत. मनुका ती स्वतः भिजवते, स्वतः कुस्करते.