सेनेगलच्या खेड्यात ट्रेनिंगला चाललाय? आधी पैसे मोजायला शिका

चार दिवस झाले परत येऊन, पाठ अजून धरलेलीच आहे, पण हे आत्ताच लिहून टाकते कारण पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये यजमानांच्या घरी राहून भाषा आणि शेतीकाम शिकायच्या या ट्रेनिंगच्या पुढच्या बॅचला आपल्यातल्या दोघी चालल्यात आणि त्यांनाही तीच पीडीएफ मिळालीये जी मला मिळाली होती. तिच्यात साप आहेत, मलेरिया आहे, संडास कसा असतो तेही चित्रासकट आहे, पण ज्याने माझे पैसे गेले आणि भर बाजारात रडायची वेळ आली त्या तिथल्या पैसे मोजायच्या पद्धतीबद्दल एक ओळ नाही.

आधी विमानतळ. माझं कनेक्शन चुकल्यामुळे मी ग्रुपच्या दोन दिवस मागे एकटीच उतरले. पीडीएफ म्हणते राजधानी डाकारच्या गराजला जा (गराज म्हणजे तिथला गाड्यांचा स्टँड) आणि तिथून थिएस शहराची गाडी पकडा. हे जुन्या विमानतळाचं आहे, तो शहरातच होता. डिसेंबर 2017 पासून विमानं द्यासच्या नव्या विमानतळावर उतरतात, डाकार तिथून पन्नासेक किलोमीटर एका बाजूला आणि थिएस दुसऱ्या बाजूला, आणि थिएसच जवळ. म्हणजे मी आधी उलट दिशेला डाकारला गेले, मग जवळपास त्याच रस्त्याने सगळं अंतर परत कापलं, रात्रभर झोप नसताना. विमानतळावरून थेट थिएस, दुसरं काही ऐकू नका.

गराजमध्ये सेत-प्लास मिळते. जुनी प्यूजो स्टेशन वॅगन, ड्रायव्हर सोडून सात माणसं, सात भरली की सुटते, वेळापत्रक वगैरे काही नाही. जो आधी येतो तो चांगली सीट धरतो. मागच्या रांगेत तीन सीट असतात, तिथे बसू नका, गुडघे हनुवटीला लागतात. तीच सीट उरली असेल तर पुढच्या गाडीला थांबा. सीटचं भाडं ठरलेलं असतं, त्यात कोणी फसवत नाही. फसवतात ते सामानात, कारण सामानाचे पैसे वेगळे आणि ते घासाघीस करूनच. माझ्या एका सॅकचे 5000 फ्रँक (सीएफए फ्रँक, तिथलं चलन) मागितले, मी भांडून 3000 दिले आणि मला वाटलं जिंकले, शेजारच्या काकांनी माझ्या दुप्पट बोचक्याचे 500 दिले. बॅग टपावर चढायच्या आधी बोला, चढल्यावर बोलण्यात काही अर्थ नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या आठवड्यात वोलोफचे (तिथली मुख्य भाषा) आकडे शिकवतात. सोपे आहेत, पाचाच्या हिशोबाने चालतात, जुरोम म्हणजे पाच, सहा म्हणजे जुरोम-बेन, पाच आणि एक. फुक्क दहा, तेमेर शंभर, जुन्नी हजार. मी चांगले पाठ केले होते. त्या जोरावर आठवडी बाजारात (तिथे लुमा म्हणतात) एका बाईकडे आंब्याचा वाटा विचारला, ती म्हणाली तेमेर. मी शंभराचं नाणं दिलं. तिने ते तळहातावर ठेवून माझ्याकडे बघितलं आणि परत म्हणाली, तेमेर. मी म्हटलं बाई हे शंभरच आहेत. ती परत तेमेर. तोपर्यंत आजूबाजूच्या चार बायका जमल्या, मला वाटलं परदेशी म्हणून भाव वाढवतायत, मी नाणं उचललं आणि सरळ चालती झाले. ती बाई खरं बोलत होती आणि मी तिला तिच्याच दुकानासमोर खोटं ठरवून आले, हे मला अजून टोचतं.

कारण पैसे मोजताना वोलोफमध्ये एकक एक फ्रँक नाहीच, पाच फ्रँक आहे. त्याला दरम म्हणतात. तेमेर म्हणजे शंभर दरम, म्हणजे 500 फ्रँक. जुन्नी म्हणजे 5000. आपल्याकडे माझी आजी शेवटपर्यंत पाऊण रुपयाला बारा आणे म्हणायची तसंच हे, फक्त इथे अख्खा देश रोज असं मोजतो आणि आम्हाला वर्गात कोणी सांगितलं नाही.

आणि हे कळल्यावर मी उलटी चूक केली, तीच जास्त महागात पडली. डांबरी रस्त्यावर उतरलं की आमच्या गावाला सहा किलोमीटर रेती, तिथे घोड्याची गाडी, शारेत. दुपारचा एक वाजलेला, जून महिना, पाणी संपलेलं. गाडीवान म्हणाला मिल. मी डोक्यात पाचाने गुणलं आणि 5000 ची नोट काढून दिली. त्याने घडी करून खिशात घातली, एक शब्द बोलला नाही. पण मिल हा फ्रेंच शब्द आहे! फ्रेंचमध्ये बोलले की आकडा सरळ फ्रँकचाच असतो, 1000 म्हणजे 1000. पाचाने गुणायचं ते वोलोफमध्ये. 4000 फ्रँक जास्त गेले, म्हणजे सहा युरोच्या वर (एका युरोला 655.957 हा दर बांधलेला आहे), आणि ट्रेनिंगमधल्या हातखर्चात ती माझी जवळजवळ आठवड्याची रक्कम होती. माणूस घोडा हाकत होता आणि मी मागे फळीवर दोन्ही हातांनी कडा धरून बसले होते, चाक रेतीत रुतलं की उतरायचं, ढकलायचं, परत चढायचं. बारा ते चार या वेळात त्या वाटेने जाऊ नका. यजमानांनी बोलावलं असलं तरी, गाडी उभी असली तरी. रस्त्याला कडुनिंब दिसेल त्याच्या सावलीत चार वाजेपर्यंत बसा.

पैसे मला नीट शिकवले ते माझ्या यजमान आईने, याय म्हणायचं तिला. तिने रात्री चटईवर नाणी मांडली. पाच फ्रँकचं नाणं, हे दरम. पंचवीसचं, हे जुरोम. पन्नासचं, फुक्क. शंभरचं, न्यार-फुक्क, वीस. मग बॅटरी विझवून एकेक नाणं माझ्या हातात द्यायची आणि नुसत्या स्पर्शाने मला सांगायला लावायची. दोन रात्रींत पक्कं झालं. तुम्ही हे जायच्या आधी घरी करा, क्रियापदं नंतर शिकलात तरी चालेल.

दुसरं, एटीएम 10000 च्या नोटा देतं आणि गावात त्या कोणी घेत नाही. वेचित अमुल, सुटे नाहीत, हे दिवसातून दहा वेळा ऐकाल. थिएसला पेट्रोल पंपावर किंवा मोठ्या दुकानात काहीतरी घेऊन मोडून घ्या, 500 ची नाणी जमेल तेवढी जवळ ठेवा.

तिसरं, भाव विचारायच्या आधी विचारपूस. रात्र शांततेत गेली का, घरचे कसे आहेत, सगळं, पूर्ण. थेट न्याता ला, कितीला, असं विचारलंत की परक्याचाच भाव मिळणार. यजमान घर तुम्हाला आपलं आडनाव देतं, ते लगेच सांगा. मी जॉप झाले. जॉप आणि न्जाय यांचं पिढ्यानपिढ्याचं थट्टेचं नातं, न्जाय दुकानदार भेटला की तो म्हणणार जॉप लोक भात फार खातात, तुम्ही म्हणायचं न्जायच जास्त खातात, आणि मग दफा सेर, महाग आहे, म्हटलं की भाव खरंच उतरतो. सामानवाल्याकडेसुद्धा चाललं.

जेवण एका मोठ्या परातीत, सगळे भोवती, उजव्या हाताने, आणि आपल्या समोरचंच खायचं. मासे-भात. याय माशाचा तुकडा बोटांनी मोडून माझ्यासमोर टाकायची, नको म्हटलं तर तिचा चेहरा पडायचा. पूर्ण शाकाहारी राहायचा हट्ट असेल तर जाऊ नका, स्पष्ट सांगते. बाकी बाजरी आहे, शेंगदाण्याची आमटी आहे, शेवग्याचा पाला आहे, आणि बिसाप म्हणजे आपली अंबाडीच, ओळखीची चव लागेल. संडासात पाण्याचं भांडं असतं, आपल्याला त्यात नवीन काही नाही, बाकीच्यांना त्याचाच महिनाभर त्रास झाला.

मधले पाच आठवडे चांगले गेले, वर्ग, रोपवाटिका, पिशव्या भरणं, पहिल्या पावसावर घोड्याच्या पाभरीने बाजरीची पेरणी. मलेरियाची गोळी मात्र एक दिवससुद्धा चुकवू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा.

आणि पिवळं कार्ड. यलो फीव्हरची लस घेतल्यावर 10 दिवसांनी ते वैध होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. परतताना थेट भारतात उतरणार असाल तर हातातल्या पर्समध्ये ठेवा, चेक-इन बॅगेत नको. सेनेगलहून येणाऱ्याकडे कार्ड नसेल तर मुंबईत सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवलाय म्हणून भागत नाही, मूळ कार्डच लागतं.