स्वस्त बँडसॉ: आधी फ्रेम बघा, मग ब्लेड बदला

स्वस्तातला बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडची करवत) घेताना बहुतेक जण आधी मोटर किती हॉर्सपॉवरची ते विचारतात. विचारावं, पण आधी फ्रेम बघावी. ब्लेड, गाईड (ब्लेडला आधार देणारे भाग), टायर (चाकावर चढवलेली रबरी पट्टी), बेल्ट, स्प्रिंग हे सगळं पुढे बदलता येतं. वाकणारी फ्रेम मात्र कायमची गळ्यात पडते. ब्लेडला ताण देताना वरचं चाक वर ढकललं जातं आणि तो सगळा भार फ्रेमच्या मागच्या खांबावर येतो. बारीक पत्र्याचा खांब अशा वेळी पुढे झुकतो. मग ताणाची मूठ कितीही फिरवा, ब्लेड ढिलंच राहतं. माहितीपत्रकात ‘४ सुती ब्लेड चालेल’ (८ सूत म्हणजे १ इंच) असं असलं, तर ते चाकावर बसेल एवढंच समजा आणि ३ सुतीच वापरा.

बँडसॉचं माप म्हणजे चाकाचा व्यास. ९-१० इंची मशीन टेबलावर ठेवता येतं. वळणदार काम आणि छोटे तुकडे यांना पुरतं. जाड लाकूड उभं धरून पातळ फळ्या काढायच्या असतील, तर कास्टिंगच्या (ओतीव लोखंडी) फ्रेमचं १४ इंची बघा. त्याखाली साधारण ६ इंच उंचीचं लाकूड जातं. अशा बऱ्याच मशीनमध्ये खांबाच्या सांध्यात ६ इंचांचा जोडतुकडा बसवून उंची १२ इंच करता येते. मग ९३½ इंचांऐवजी १०५ इंचांचं ब्लेड लागतं. एवढ्या उंचीला अर्धा हॉर्सपॉवर दमतो, १ तरी हवा.

जुनं मशीन असेल तर प्लग काढून वरचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलंय, ते सहज बदलता येतं. मग कडेजवळ पेन्सिल स्थिर धरून चाक फिरवा. चाक डुलत असेल किंवा कास्टिंगला तडा असेल, तर सरळ सोडून द्या.

मशीन घरी आलं की पहिला खर्च ब्लेडवर करा. सोबत आलेलं ब्लेड बहुधा टाकाऊच असतं. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, तरी लोक आधी महागडे बेअरिंग गाईड मागवतात! दातांचा हिशोब सोपा आहे: एका वेळी किमान ३ दात लाकडात असावेत, पण फार जास्तही नकोत. ६ इंच उंच लाकडाला इंचाला ३ दात पुरतात. तिथे १० दातांचं ब्लेड लावलं तर दातांमधल्या खाचा भुशाने भरतात, भुसा बाहेर पडत नाही, ब्लेड तापतं आणि लाकडाच्या आत धनुष्यासारखं वाकतं. काप वर-खाली बरोबर आणि मधे फुगलेला दिसला, तर हेच झालंय. नाहीतर ताण कमी आहे किंवा लाकूड घाईने ढकललंय. वळणांसाठी २ सुती, इंचाला ६ दातांचं ब्लेड ठेवा; ते साधारण ५ सूत त्रिज्येपर्यंत वळतं. जाडीही बघा. ०.०२५ इंच जाडीचं ब्लेड १४ इंची चाकावर ठीक, पण ९-१० इंचीवर सतत जास्त वाकून तडकतं. तिथे ०.०१४ इंचाचं घ्या.

आता जुळवणी. हिचा क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं. प्लग काढा, वरचे-खालचे सगळे गाईड मागे घ्या, ब्लेडला ताण द्या आणि चाक हाताने फिरवत ट्रॅकिंग लावा, म्हणजे ब्लेड चाकावर कुठे चालतं ते जुळवा. टायर फुगीर असेल तर ब्लेड साधारण मधोमध चालावं. मग गुण्या लावून टेबल काटकोनात आणा. गाईड त्यानंतर. कागदाची पट्टी ब्लेडभोवती दुमडा, दोन्ही बाजूंचे गाईडचे ठोकळे कागदाला टेकवून कसा आणि कागद ओढून घ्या; तेवढीच फट हवी. ठोकळ्यांची पुढची कड खाचांच्या किंचित मागे राहावी, नाहीतर दातांची फाक (दोन्ही बाजूंना दिलेला वाक) एका फेरीत मोडते. ब्लेडला मागून टेकू देणारं थ्रस्ट बेअरिंग ब्लेडपासून अर्धा मिलिमीटर दूर ठेवा, लाकूड ढकललं की मगच ते फिरायला हवं. टेबलाखालचे गाईड बघायला वाकावं लागतं म्हणून ते राहून जातात. तेही असेच लावा. स्वस्त मशीनमध्ये वरच्या गाईडचा दांडा वर-खाली करताना तिरका सरकतो, तेव्हा उंची बदलली की फट पुन्हा तपासा.

थरथर कुठून येते ते टप्प्याटप्प्याने शोधा. बेल्ट काढून नुसती मोटर चालवा. मग बेल्ट घालून, ब्लेडशिवाय. शेवटी ब्लेडसकट. ज्या टप्प्याला थरथर वाढली, दोष तिथे. बरेच दिवस पडून राहिलेला बेल्ट त्याच आकारात ताठरतो. कड्यांचा जोडबेल्ट घातला की मशीन शांत होतं. ब्लेड लावल्यावर ठरावीक अंतराने ‘टक्’ वाजत असेल तर ब्लेडचा वेल्डिंगचा जोड बघा. पाठीकडून तो वर आला असेल तर कानशीने सपाट करा.

ताणाची स्प्रिंग पूर्ण दबून वेटोळी एकमेकांना टेकली असतील तर ती संपली. त्याच मापाची थोडी कडक स्प्रिंग घाला. फार कडक नको, फ्रेमच वाकेल.

फेन्स (लाकूड सरळ नेण्यासाठी टेबलावर बसवायची पट्टी) अगदी शेवटी लावा. सरळ कडेच्या फळीवर कडेला समांतर रेघ मारा, फेन्सशिवाय हातानेच रेघेवरून अर्ध्यापर्यंत कापा आणि फळी न हलवता मशीन बंद करा. ब्लेड पूर्ण थांबलं की फळीच्या कडेने टेबलावर पेन्सिल ओढा. फेन्स त्या रेघेला समांतर लावायचा, टेबलाच्या कडेला नाही. ब्लेड बदललं की हा कोन पुन्हा काढा. तो फारच तिरका येत असेल तर ब्लेडचे एका बाजूचे दात बोथट झालेत.

खालच्या चाकाच्या टायरवर भुसा दाबला जाऊन गाठी बनतात आणि ब्लेड उड्या मारतं. एक जुना टूथब्रश टायरला जेमतेम टेकेल असा आतून स्क्रूने बसवला की झालं. काम संपलं की ताण सैल करा, म्हणजे टायरवर खळगा पडत नाही. आणि मुठीला चिठ्ठी अडकवा: ‘ब्लेड ढिलं आहे’.