शेवटच्या ‘लाईट’नंतरचे दिवस

मार्च 2023 मध्ये माझं स्तनाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलं. वॉर्डातल्या बायका त्याला ‘लाईट’ म्हणायच्या. पंधरावी लाईट झाली, आमच्या ह्यांनी सिस्टरांना पेढे वाटले आणि आम्ही बार्शीहून कळंबच्या एसटीत बसलो. येरमाळ्याला ह्यांनी येडाई देवीच्या डोंगराकडं बघून हात जोडले आणि मला रडू कोसळलं. ह्यांना वाटलं, आनंदानं रडतेय. मला भीती वाटत होती. आठ महिने कुणी ना कुणी माझं रक्त तपासत होतं, गळ्याखाली हात लावून बघत होतं. आता म्हणाले, तीन महिन्यांनी या. तोवर माझ्याकडं कोण बघणार?

गाठ लागली ती जुलै 2022 मध्ये, आंघोळ करताना, डाव्या स्तनात. बार्शीलाच जायचं हे आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ठरवलं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण आमच्या भागातली माणसं कॅन्सरसाठी आधी तिकडंच धावतात. शिवाय आत्यांची जुनी ओळख होती. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या गावात बार्शीच्या डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केली होती, तेव्हा चार बायकांना गोळा करून त्या गेल्या होत्या. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या 1 लाख 31 हजारांवर बायका त्या अभ्यासात होत्या. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो, त्या एचपीव्हीची तपासणी एकदा केली तरी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे 2009 मध्ये त्यातूनच जगाला कळलं. आत्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “त्या डॉक्टरीणबाई नीट बोलल्या होत्या. तिथंच जाऊ.”

ऑपरेशन, मग केमो. आधी लाल औषधाचे चार डोस, दर एकवीस दिवसांनी, मग दर आठवड्याचे बारा. सतराव्या दिवशी केस उशीवर आले. त्या काळाबद्दल लोक खूप विचारतात, पण खरं सांगते, तेव्हा मनाला फुरसतच नव्हती. ताप 100.4 च्या वर गेला तर रात्रीसुद्धा निघायचं, डाव्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, एवढं सांभाळण्यात दिवस जायचा. डोसच्या रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. मला वाटायचं, आपण मनानंच कच्च्या. एका सिस्टरनं सांगितलं, “ताई, उलटी होऊ नये म्हणून स्टिरॉइड देतो, त्यानं झोप उडते.” एवढं वाक्य पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर किती रात्री स्वतःला दोष दिला नसता.

मला सगळ्यात जड गेलं ते ‘पॉझिटिव्ह राहा’. भेटायला येणारं प्रत्येक माणूस मायेनंच म्हणायचं. पण माझ्या मनानं त्याचा उलटा अर्थ लावला. रडले तर आजार परत येईल, घाबरले तर आपणच त्याला बोलावू, असं वाटायला लागलं. म्हणून मी रडणं गिळलं. उपचार संपल्यावर ते सगळं एकदम वर आलं. डोकं दुखलं की मेंदूत गेला, खोकला आला की फुफ्फुसात. दिवसातून दहादा काख चाचपायचे. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा. लेकरं विचारायची, “बाई, पुढं?”

जूनच्या तपासणीला मी डॉक्टरांना हे सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाले, रडल्यानं कॅन्सर परत येत नाही. गाठ महिन्यातून एकदाच, ठरलेल्या तारखेला तपासायची. नवा त्रास दोन आठवडे टिकला तर यायचं. धाप लागली किंवा हातापायातली ताकद गेली तर त्याच दिवशी. आजार परत येऊ नये म्हणून पाच वर्षं घ्यायच्या टॅमोक्सिफेनच्या गोळीनं अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, मनही खाली-वर होतं, हेही तेव्हाच कळलं. परत येणार नाही असं वचन मात्र त्यांनी दिलं नाही. मी मागितलं होतं. आज वाटतं, दिलं असतं तर माझा त्यांच्यावरचा विश्वास उडाला असता.

‘दोन आठवडे’ या शब्दांनी मला वाचवलं. दुखलं की वहीत तारीख टाकायची आणि वही मिटायची. बहुतेक दुखणी पाचव्या-सहाव्या दिवशी निघून गेलेली असायची. एका रात्री मात्र वहीनं भागेना. तेव्हा टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर, फोन लावला. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या. त्यांनी धीर धरा म्हटलं नाही. विचारलं, “आत्ता नेमकी कशाची भीती वाटतेय?” मी म्हटलं, लेकीच्या दहावीला मी नसेन याची. हे वाक्य मी त्याआधी कुणापुढं उच्चारलं नव्हतं. ह्यांनी ते अंधारात पडल्या पडल्या ऐकलं. फोन ठेवल्यावर ते उठून बसले आणि पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, “मी मोटार चालू करायला म्हणून रानात जातो ना, तिथं रडून येतो.” वर्षभर सगळे मला विचारत होते, कसं वाटतंय. त्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्या रात्री आम्ही चहा करून पहाटेपर्यंत बोललो.

वेळ अमावास्या म्हणजे रानात जाऊन पूजा करायचा, तिथंच जेवायचा आमच्याकडचा सण. डिसेंबर 2022 ची मी घरात काढली होती. डॉक्टरांनी गर्दी टाळायला सांगितली होती. घरची सगळी रानात गेली, मी खिडकीपाशी. पुढची आली जानेवारी 2024 मध्ये. चार दिवसांवर माझी तपासणी होती आणि पोटात गोळा होताच. तरी गेले. कडब्याची कोप म्हणजे खोपी, त्यात चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव, जेवायला भज्जी, उंडे. आत्या म्हणाल्या, “पोरी, भ्या वाटतंय का?” मी म्हटलं, “वाटतंय आत्या, लई वाटतंय.” त्यांनी बिंदग्यातून, म्हणजे मातीच्या मडक्यातून, ताकातली आंबील तांब्यात ओतली आणि माझ्यापुढं धरली. ज्वारीच्या उभ्या पिकातून लेक आणि तिचे बाबा ‘ओलगे ओलगे सालम पलगे’ ओरडत आंबील शिंपडत चालले होते. मी तांब्या रिकामा केला आणि अजून मागितली.