भिंत शाबूत, अनंत पिवळा

काकूंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत अनंताची फक्त कोवळी पानं पिवळी पडली होती, शिरा हिरव्या. खालची जुनी पानं ठीक. बागेत राबलेल्या माणसाला एवढं पुरतं: झाडाला लोह मिळत नाहीये. पुण्याच्या मातीत लोहाला तोटा नाही, पण मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) चढला की ते असूनही मुळांच्या हाती लागत नाही. आणि ही तिन्ही झाडं मीच लावली होती, फुटक्या काँक्रीटच्या त्या भिंतीच्या पायथ्याशी, जिचे फोटो मी चार महिने प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला दाखवत होते.

सहकारनगरातला बंगला. मागचं अंगण चाळीसेक वर्षांपूर्वी काँक्रीट ओतून बंद केलेलं, १२ बाय २० फूट, चार इंच जाड. काकूंना तिथे माती हवी होती. हिशेब केला तर साडेपाच टनांच्या आसपास माल निघणार होता. टेम्पोवाले असा राडारोडा न्यायला एका पायावर तयार असतात. कुठे टाकणार विचारलं की "बघतो ना ताई" म्हणतात, आणि तो रात्री नदीपात्रात नाहीतर टेकडीच्या पायथ्याला पडतो. रस्त्यात, नाल्यात टाकू नये असं बांधकाम कचऱ्याच्या सरकारी नियमांत आहे, पण घरगुती कामावर ते विचारायला मी आजवर कुणाला आलेलं पाहिलेलं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, यातलं काहीही फाटकाबाहेर जाणार नाही.

आमचे मिस्त्रीमामा आयुष्यभर दगडी बांध रचत आलेले. "मेलेलं काँक्रीट आहे ताई, याची काय भिंत होणार?" म्हणाले. ब्रेकर फक्त कडा मोकळ्या करायला लावला. पुढे पहारीने लादी उचलायची, खाली दगड सरकवायचा आणि वरून घणाचा एक घाव. अशी उचललेली लादी दोन-तीन मोठ्या तुकड्यांत फुटते. जमिनीला टेकलेली ठोकत बसलं तर नुसता भुगा होतो. चार इंची लादीचा चौरस फुटाचा तुकडाच बावीस-तेवीस किलोचा, त्यामुळे मोठे तुकडे दोघांनी धरून न्यायचे. चर खणला, मुरूम टाकून धुमसाने दाबला, सगळ्यात मोठे तुकडे तळाला. दोन तुकड्यांच्या सांध्यावर वरचा तुकडा बसला पाहिजे, सांध्यावर सांधा आला की भिंत तिथेच फाटते. उंचीला फुटामागे दीड-दोन इंच मागे कल. सिमेंट अजिबात नाही. फुटलेली कड दर्शनी ठेवली की आतली काळी खडी दिसते आणि दुरून ती थरांची दगडी भिंतच वाटते. तिसऱ्या दिवशी मामा एकेक तुकडा हातात फिरवून जागा शोधत होते. चोवीस फूट लांब, दोन फूट उंच. एक पावसाळा गेला, केसभर हललेली नाही. फटींत सापसुरळी राहायला आलीय.

फोटो आला त्या दिवशी दुपारी मी खुरपं घेऊन भिंतीमागे बसले. मागची भर २० मिलीमीटर खडीची असायला हवी होती. खुरप्याला लागला करडा चुरा, पाण्याने घट्ट बसलेला. मामांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, काहीच बाहेर जायचं नाही म्हणाला होतात ना? खडी कमी पडली, मग तो बारीक माल मागे भरला." मी काय बोलणार? वाक्य माझंच होतं. भर घातली त्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर होते.

माझ्याकडे फिनॉल्फ्थॅलीनची बाटली असते. सामू साधारण नऊच्या वर असेल तर त्याचा रंग गुलाबी होतो. उरलेल्या ढिगातला एक तुकडा हातोडीने फोडला आणि ताज्या कडेवर फवारलं. वरचा इंचभर थर तसाच राहिला, हवेने तिथला चुना कधीच निवलेला. आतला गाभा क्षणात राणी रंगाचा झाला. चाळीस वर्षं ऊन-पाऊस खाल्लेलं काँक्रीट, आणि पोटात चुना अजून जिवंत. अख्ख्या तुकड्यातून तो फार हळू झिरपतो. चुऱ्यात मात्र कण न् कण उघडा पडलेला असतो, प्रत्येक पाण्यासरशी तो उतारावरच्या मातीत उतरतो. कामाआधी मातीचा सामू मी वहीत ७.९ लिहिला होता. त्या दिवशी अनंताच्या मुळाशी ८.८ भरला.

दोन माणसांनी दीड दिवस खपून चुरा काढला, खडी भरली, मुळांभोवतीची माती बदलून कंपोस्ट घातलं. खर्च मी घेतला. काकूंना दुकानदाराने आधीच लोहाचं ईडीटीए चिलेट, म्हणजे लोह मुळांना घेता येईल असं विरघळतं ठेवणारं खत, विकलं होतं. अशा सामूच्या मातीत ते टिकत नाही, तिथे ईडीडीएचए या दुसऱ्या प्रकारचं चिलेट लागतं. विकणाऱ्याने मातीबद्दल एक प्रश्न विचारला असता तर काकूंचे पैसे वाचले असते. काढलेला चुरा पोत्यांत भरून फाटकाशेजारच्या वाटेखाली दाबला, तिथे फक्त कोरफड आणि बोगनवेल आहे, ती अनंतापेक्षा चिवट.

दोन अनंतांना आता हिरवी पालवी आहे. तिसरा, बोअरच्या नळाजवळचा, अजून पिवळाच. त्या बोअरचं पाणी जड आहे, बादलीला चुन्याचा पांढरा थर धरतो. म्हणजे दोष चुऱ्याचा किती आणि पाण्याचा किती? मुळात ७.९ च्या, आधीच अल्कधर्मी मातीत मी अनंत लावायला हो का म्हटलं? काकूंच्या सासूबाईंचा अनंत त्याच अंगणाखाली गाडला गेला होता, म्हणून त्यांना तोच हवा होता, आणि मला नाही म्हणवलं नाही. या आठवड्यापासून तिसऱ्या झाडाला टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी घालायला सांगितलंय. काकू रोज सकाळी त्याचा फोटो पाठवतात.